थर्मामीटरवर माझा भरवसा नाही

"ताप नाही ना? मग काय काळजी!" हे वाक्य फोनवर ऐकलं की मी हल्ली नुसतं "हो" म्हणते आणि विषय बदलते. लिव्हर ट्रान्सप्लांट झाल्यापासून आमच्या घरात थर्मामीटरला फारशी किंमत उरलेली नाही. ताप विषाणूमुळे थेट येत नाही, तो आपलं शरीरच आणतं. प्रतिकारशक्तीला शत्रू दिसला की ती आरडाओरडा करते, तो ताप. माझ्या प्रतिकारशक्तीचं तोंड मी रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेऊन बंद ठेवते. ती ओरडणार कशी?

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझं पहिलं लिव्हर ऑटोइम्यून हिपॅटायटिसनं गेलं. माझ्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी त्याच्यावर तुटून पडल्या होत्या. लिव्हर नवं आलं, भांडखोर पेशी मात्र जुन्याच. म्हणून बऱ्याच लिव्हरवाल्यांचं स्टेरॉइड काही महिन्यांत सुटतं, तसं माझं सुटलं नाही. लहान डोस चालूच आहे. जोडीला टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट. टॅक्रो टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या शिपाई पेशींना) जागं करणारा निरोपच पुढे जाऊ देत नाही, मायकोफिनोलेट त्यांची संख्या वाढू देत नाही, आणि स्टेरॉइड सूज आणि ताप दोन्ही दाबून टाकतं. आता गंमत अशी, की विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारायचं कामही याच टी-पेशींचं. नवं लिव्हर सांभाळायला ज्यांना झोपवलं, नेमक्या त्याच सर्दी-खोकल्याच्या वेळी जाग्या हव्या असतात. (टॅक्रो 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. एका जंतूनं दिलेल्या औषधामुळे मला दुसऱ्या जंतूंची भीती बाळगावी लागते, यात मला कुठेतरी खट्याळपणा वाटतो.)

लोकांना वाटतं, मी सारखी आजारी पडत असेन. तसं नाही. विषाणू तेच, जे सगळ्यांना होतात: ऱ्हायनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा (फ्लू), आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, कोरोना. फरक पडतो तो ते शरीरात शिरल्यावर. माझ्याकडे ते जास्त दिवस मुक्काम करतात, नाक-घशातून खाली फुप्फुसात उतरायची शक्यता जास्त असते, आणि हे सगळं चाललेलं असताना बाहेर फारसं काही दिसत नाही. विषाणू गेला तरी त्यानं सोलून ठेवलेल्या श्वासमार्गात मागाहून जिवाणूंचा न्यूमोनिया बसू शकतो, क्वचित ॲस्परजिलससारखी बुरशीही. ॲडिनोव्हायरस तर, विशेषतः लहान मुलांत, थेट नव्या लिव्हरवरच जाऊ शकतो.

त्यातल्या त्यात आम्ही लिव्हरवाले नशीबवान. लिव्हर हा समजूतदार अवयव आहे. त्याला सांभाळून घ्यायला फुप्फुस किंवा हृदय बदललेल्यांइतकी कडक औषधं लागत नाहीत. फुप्फुस बदललेल्यांची अवस्था सगळ्यांत अवघड, कारण विषाणू येतो तोच मुळी त्या नव्या अवयवावर. आमच्यातही सगळ्यांना सगळा काळ सारखा धोका नसतो. सुरुवातीचे महिने, किंवा रिजेक्शन (शरीरानं नवा अवयव नाकारणं) आलं म्हणून स्टेरॉइडचे मोठे डोस शिरेतून दिले त्यानंतरचा काळ, तेव्हा खरी जपणूक. पुढे वय, मधुमेह आणि किडनी यांच्यावर बरंच अवलंबून. कोविडच्या साथीत हेच दिसलं: लिव्हर बदललेलं आहे एवढ्यावरून फार काही ठरत नव्हतं, वय आणि बाकीचे आजार जास्त ठरवत होते. औषधांमध्ये मायकोफिनोलेटचा डोस जास्त असलेल्यांना आजार जास्त जड गेल्याचं आढळलं.

आता गेल्या वेळचा किस्सा. नणंद बाळाला घेऊन आली होती. बाळाचं नाक वाहत होतं. "वहिनी, दात येतायत हो त्याला, म्हणून," असं म्हणेपर्यंत बाळानं माझ्या चष्म्यावर शिंक देऊन टाकली. दातांमुळे नाक वाहतं यावर माझा विश्वास नाही, पण बाळाशी आणि नणंदेशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तोंड धुतलं, हात धुतले, मास्क लावला.

एक-दोन दिवसांनी घसा खवखवला. नाक जेमतेम वाहत होतं. थर्मामीटर सदतीसच्या आसपास घुटमळत होता. एरवी कुणी दखलही घेतली नसती. पण जिना चढताना मध्ये थांबावं लागलं, आणि सकाळी अंथरुणातून उठताना अंग कुणीतरी पिळून ठेवल्यासारखं वाटलं. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन लावला. तिनं ताप विचारला तो सगळ्यांत शेवटी. आधी म्हणाली, "एक लांब वाक्य एका दमात बोलून दाखवा." मी काल-परवाचं सगळं रामायण सांगायला लागले आणि मध्येच श्वास घ्यायला थांबले. तिला तेवढं पुरलं. मग प्रश्न आले: गोळ्या पोटात राहतायत का, उलटी झाली का, जुलाब आहेत का, लघवी नेहमीइतकी होतेय का. जुलाबांचा खोकल्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध टॅक्रोशी आहे. जुलाबांत टॅक्रो कमी शोषलं जाईल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात आतड्याचा जो थर त्याचा बराचसा भाग वाटेतच मोडून टाकतो तोच दुखावतो आणि रक्तातली लेव्हल उलट वर जाते.

हॉस्पिटलात जाताना सकाळची टॅक्रोची गोळी न घेता, पर्समध्ये टाकून नेली. लेव्हल बघायची तर रक्त गोळीच्या आधी द्यावं लागतं. गोळी गिळून गेलं की आकडा फुगलेला येतो आणि त्याच्यावरून डोस ठरवता येत नाही. रक्त दिलं, कापूस कोपरात दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं गोळी तोंडात टाकली. नाकातल्या स्वॅबनं डोळ्यांत पाणी आणलं. छातीचा एक्सरे स्वच्छ आला. मला वाटलं, चला, सुटलो. डॉक्टर मात्र सीटी करू म्हणाले, कारण सुरुवातीला एक्सरेत काहीच न दिसणं आमच्यात सर्रास होतं. सीटीत दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी धुरकट ठिगळं दिसली. स्वॅबचा रिपोर्ट यायच्या आधीच ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूचं औषध, सुरू केलं होतं. इन्फ्लुएन्झा ए निघाला.

ओसेल्टामिविर लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यांत चांगलं, हे बरोबरच आहे. पण आमच्यासारख्यांना उशीर झाला तरी देतात, कारण आमच्यात विषाणूचं वाढणं लवकर थांबत नाही. डोस किडनी बघून ठरवतात. टॅक्रो वर्षानुवर्षं घेतल्यावर किडनीची थोडी झीज बऱ्याच जणांची झालेली असते. मायकोफिनोलेट डॉक्टरांनी काही दिवस थांबवलं. टॅक्रो चालू ठेवलं, स्टेरॉइडलाही हात लावला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण "आजारी आहे तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चार दिवस बंद ठेवू" हा विचार कुणाच्याही मनात येईल. स्वतःच्या मनानं बंद केल्या तर इकडे रिजेक्शनला आमंत्रण, आणि दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर ऐन आजारपणात रक्तदाब कोसळू शकतो. कुठली गोळी थांबवायची हे टीमनं ठरवायचं.

बाळ तोवर खेळायलाही लागलं होतं. माझ्या स्वॅबमध्ये मात्र मी हिंडती-फिरती झाल्यावरही कित्येक आठवडे विषाणू सापडत होता. प्रत्येक पॉझिटिव्ह म्हणजे जिवंत विषाणू असं नसतं, तरी नवऱ्याचं अंथरूण बराच काळ बाहेरच्या खोलीत राहिलं. एसजीपीटी (रक्तातला लिव्हरच्या दुखण्याचा आकडा) थोडं चढलं आणि आपोआप उतरलं. ते रिजेक्शन आहे की नुसतं विषाणूचं दुखणं, हे ठरेपर्यंत माझी झोप उडाली होती. खोकल्यापेक्षा तेच जास्त वाईट.

खरं सांगायचं तर मला विषाणूइतकीच धास्ती सर्दीच्या औषधांची वाटते. टॅक्रो लिव्हर आणि आतड्यातल्या एका ठरावीक एन्झाइमनं मोडलं जातं. ते एन्झाइम अडवणारं काहीही पोटात गेलं की टॅक्रोचा निचरा तुंबतो आणि लेव्हल चढत जाते. हात थरथरतात, डोकं दुखतं, किडनी मार खाते. घसादुखीला सहज लिहून दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन त्यातलंच. ॲझिथ्रोमायसिनचा तसा त्रास फारसा नाही. सगळ्यांत जबरदस्त म्हणजे रिटोनाविर, कोविडच्या पॅक्सलोव्हिडमधला एक घटक. दोन-चार गोळ्यांत टॅक्रो विषारी पातळीला पोचू शकतं. द्यायचंच झालं तर टॅक्रो थांबवून, लेव्हल बघत बघत देतात, नाहीतर रेमडेसिविरसारखा दुसरा मार्ग धरतात. हे आपल्या फॅमिली डॉक्टरांना पाठ असेलच असं नाही. तिथे संकोच करायचा नाही. "मी टॅक्रोलिमसवर आहे, हे चालेल का?" हा प्रश्न मी दात काढायला गेले तरी विचारते.

अंगदुखीला आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅकही नाही. टॅक्रोसोबत किडनीवर दुहेरी मार बसतो. पॅरासिटामॉल चालतं, पण मोजून, टीमनं सांगितलेल्या मर्यादेत. सर्दीच्या मिश्र गोळीत ते आधीच असतं, म्हणून पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची. आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून प्रेमानं आणून दिलेली चूर्णं आणि काढे मी हसून ठेवून घेते. माझी ती वाढू नये म्हणूनच तर इतका खटाटोप चाललाय! समजा खरंच वाढली, तर पहिला फटका लिव्हरला.

हात धुण्याबद्दल एक बारकावा. जेलची बाटली सगळे बाळगतात, पण ऱ्हायनो आणि ॲडिनो या विषाणूंना बाहेरचं चरबीचं कवच नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा त्यांच्यावर तितकासा परिणाम होत नाही. साबण-पाणी मिळत असेल तर तेच. मास्क एन-95, नाकाच्या पुलावर नीट दाबलेला. बाजूनं हवा शिरत असेल तर तो नुसता दागिना.

लसींबाबत माझ्यासारख्यांच्या डोक्यात दोन भीती असतात: लशीनं रिजेक्शन येईल का, आणि लस आमच्यात चढते तरी का. पहिलीत तथ्य आढळलेलं नाही. दुसरीत आहे, अँटिबॉडी कमी तयार होतात. कोविडच्या वेळी म्हणूनच 2021 मध्ये काही देशांत आमच्यासारख्यांना तिसरा डोस द्यायला सुरुवात झाली. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. फ्लूची दरवर्षी घ्यायची, मेलेल्या विषाणूची, इंजेक्शनवाली. नाकात फवारायची जिवंत विषाणूची असते, ती आम्हाला चालत नाही. न्यूमोकॉकलचीही घ्यायची, कारण मागाहून येणारा न्यूमोनिया बऱ्याचदा त्या जिवाणूचा असतो. गोवर, कांजिण्या यांच्या लशी जिवंत विषाणूच्या, त्या शक्यतो ट्रान्सप्लांटच्या आधीच उरकायच्या. कुणी ट्रान्सप्लांटच्या यादीवर असेल तर आजच विचारा.

आमच्यात लस अर्धवट चढते, म्हणून घरातल्यांनी घेतलेली लस मला स्वतःच्या लशीइतकीच महत्त्वाची वाटते. नवरा सुईला घाबरतो, तरी दरवर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून तोंड फिरवून घेतो. नणंदही आता घेते. येण्याआधी फोन करून "वहिनी, आज नाक कोरडं आहे, येऊ का?" असं विचारते, आणि दातांचं नाव काढत नाही.

आरएसव्हीच्या लशी 2023 पासून आल्या आहेत, त्या जिवंत विषाणूच्या नाहीत. सुरुवातीला त्या साठीपुढच्यांसाठी होत्या, माझी साठी अजून लांब आहे. मला ती घेता येईल का, आणि फ्लूच्या लशीपासून किती अंतर ठेवायचं, हे पुढच्या तपासणीला विचारायचं म्हणून वहीत लिहून ठेवलंय, टॅक्रोच्या आकड्यांच्या रकान्याशेजारीच.