पट्टी होती, शेतकरी नव्हता

संत्र्याच्या आंबिया बहराच्या ऐन गर्दीत नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत दुकानातून मुनीमजींचा फोन आला. "मॅडम, रोजमेळ बरोबर आहे, पण खातेवहीची बेरीज कमी येऊन राहिली." पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशोबाची पावती. दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या रोजमेळात येतात, त्याच पट्ट्या शेतकरीवार खातेवहीत लागतात. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. मी पोहोचले तेव्हा त्यांच्यासमोर काटोलकडचे एक काका बसले होते, हातात पट्टीची कार्बन कॉपी. "माल तर मी टाकला ना जी, मग माह्या खात्यात काहून नाही?"

दुकानाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मूळ दुसऱ्या टीमने लिहिलेलं, देखभाल माझ्याकडे आली. खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, वर पायथनमधला प्रोग्राम, आणि मधे एसक्यूएलअल्केमी हा ओआरएम. त्याच्यामुळे टेबलातल्या ओळी प्रोग्राममधल्या ऑब्जेक्टसारख्या हाताळता येतात. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, तो स्वतः तयार करून पाठवतो. प्रत्येक पट्टीत शेतकऱ्याचा क्रमांक असतो, तीच फॉरेन की, म्हणजे पट्टीला शेतकऱ्याच्या नोंदीशी बांधणारा दुवा. ज्याच्या नावावर पट्ट्या आहेत असा शेतकरी कुणी खोडायला गेलं, तर डेटाबेसने अडवायला हवं.

काकांची पट्टी टेबलात होती. वजन, टनाचा भाव, हमाली, तोलाई, उचल, सगळं जागेवर. फक्त शेतकऱ्याचा रकाना रिकामा, म्हणजे नल. आणि अशी ती एकटी नव्हती. खातेवहीचा रिपोर्ट इनर जॉइनवर चालतो, म्हणजे शेतकरी सापडला तरच पट्टी दिसते, त्यामुळे बिनशेतकऱ्याच्या पट्ट्या त्यातून गुपचूप गळत होत्या. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मला सगळ्यात जास्त भीती याच प्रकाराची वाटते.

डेटाची प्रत घेतली आणि पट्ट्या असलेला एक शेतकरी सरळ एसक्यूएलने खोडून पाहिला. पोस्टग्रेसने साफ नकार दिला, फॉरेन कीचं उल्लंघन होतं म्हणून. म्हणजे बंधन जिवंत होतं. मग तेच काम ॲपच्या स्क्रीनवरून केलं, तर शेतकरी बिनबोभाट गेला. ओआरएम पाठवतो ती एसक्यूएल लॉगमध्ये उघडली आणि तिथे मी बराच वेळ थांबले. डिलीटच्या आधी अपडेट होतं. एसक्यूएलअल्केमीने त्या शेतकऱ्याच्या सगळ्या पट्ट्या आधी वाचल्या, प्रत्येकीतला शेतकरी क्रमांक नल केला, आणि मगच शेतकऱ्याची ओळ काढली. डेटाबेसच्या नजरेत कुठलंच उल्लंघन उरलं नाही.

हा बग नाही. शेतकरी आणि पट्टीच्या नात्यावर, म्हणजे रिलेशनशिपवर, कॅस्केड (मालक खोडला तर त्याच्या नोंदींचं काय करायचं तो नियम) काही सांगितलं नसेल, तर एसक्यूएलअल्केमीचं ठरलेलं वागणं हेच आहे. पायथनच्याच जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कने २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० आवृत्तीपासून फॉरेन की लिहिताना ऑन-डिलीट, म्हणजे खोडल्यावर काय करायचं, ते सांगणं सक्तीचं केलं. मला ते फार योग्य वाटतं. मालक गेला तर त्याच्या नोंदींचं काय, हे लिहिणाऱ्याने तिथेच ठरवलं पाहिजे. आणि मूळ टीमच्या टेस्ट, म्हणजे प्रोग्राम तपासणाऱ्या चाचण्या, एसक्यूलाइट या दुसऱ्या, छोट्या डेटाबेसवर चालायच्या. तिथे फॉरेन कीची तपासणी मुद्दाम चालू केल्याशिवाय होतच नाही. तपासणीच बंद असलेल्या जागी टेस्ट हिरव्या दिसण्याला काय अर्थ?

ऑपरेटर पोराला लोक बोलायला लागले होते, ते मला पटलं नाही. एकच शेतकरी दोनदा नोंदला गेलेला, त्याने जास्तीची नोंद काढली. त्याला हवं होतं दोन खाती एकत्र करणं, आणि स्क्रीनवर बटण एकच, 'काढून टाका'. त्याने दुसरं काय करायचं होतं?

रकाना रिकामा ठेवायची मुभा का दिली, हे मुनीमजींनी सांगितलं. पहाटे गाडी येते तेव्हा एकाच गाडीत चार-पाच शेतकऱ्यांचा माल असतो. ड्रायव्हरला सगळी नावं ठाऊक नसतात, वजन तर लगेच करावं लागतं. कारण खरं होतं, पण जागा चुकली होती. म्हणून आवकेचं वेगळं टेबल केलं. नाव ठरेपर्यंत माल तिथे राहतो, आणि पट्टीत शेतकरी आता नॉट नल आहे, म्हणजे रकाना रिकामा ठेवताच येत नाही. रिलेशनशिपवर पॅसिव्ह डिलीट्स 'ऑल' लावलं, म्हणजे ओआरएम पट्ट्यांना हात लावत नाही आणि नकार द्यायचं काम डेटाबेसकडेच राहतं.

जुने क्रमांक रोज रात्रीच्या बॅकअपमधून मिळाले. वेगळ्या डेटाबेसमध्ये ते उभे केले आणि पट्टी क्रमांकावरून जोडणी लावली. ज्या पट्ट्या दिवसा झाल्या आणि त्याच दिवशी नल झाल्या, त्या बॅकअपमध्ये नव्हत्याच. त्या मुनीमजींच्या पट्टीबुकातून, कार्बनची निळी अक्षरं वाचून भरल्या. काकांचा हिशोब त्याच संध्याकाळी चुकता झाला.

खाती एकत्र करायचा स्क्रीन आता आहे, पण माझं डोकं तिथेच अडकून आहे. एकच शेतकरी ओळखायचा कशावरून? मूळ टीमने मोबाइल नंबर धरला होता. नरखेडकडच्या दोन भावांचा नंबर एकच, आडनाव एकच, संत्र्याची बाग मात्र वेगवेगळी. त्यांची खाती मी एकत्र केलेली नाहीत. दोघं बँकेची पासबुकं घेऊन येणार आहेत, तोवर मुनीमजींनी त्यांच्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.