उशाशी असलेला भोंगा

सप्टेंबरचा दुसरा गुरुवार, सकाळचे अकरा. जर्मनीत या वेळी ट्राममध्ये, बेकरीच्या रांगेत, ऑफिसात, जिथे म्हणून फोन आहेत तिथे ते एकदम कर्कश वाजायला लागतात. सायलेंटवर ठेवलेलेसुद्धा. ही आपत्तीचा इशारा फोनवर देणाऱ्या यंत्रणेची दरवर्षीची सरकारी चाचणी. आधी माहीत असूनही काळजात धस्स होतं, आणि नागपूरकराला आठवते ती 23 सप्टेंबर 2023 ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी फुगलेली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोक झोपेत असताना पाणी घरात. फोन त्या रात्रीही घरोघरी उशाशीच होते.

जर्मनीला हे शहाणपण ठेच लागूनच आलं. जुलै 2021 मध्ये आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, देशभरात 180 हून जास्त माणसं गेली. इशारा देणारं ॲप तेव्हाही होतं, पण ते ज्यांच्या फोनमध्ये नव्हतं त्यांना त्याचा काय उपयोग? त्यानंतर 8 डिसेंबर 2022 ला सेल ब्रॉडकास्टची, म्हणजे टॉवरवरून सगळ्या फोनवर एकदम जाणाऱ्या इशाऱ्याची, पहिली देशव्यापी चाचणी झाली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये यंत्रणा सुरू झाली. म्हणजे हे लोक आपल्या फार पुढे होते असं मुळीच नाही. त्याच वर्षी आपल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने देशातच तयार केलेल्या यंत्रणेचे चाचणी संदेश भारतभर फोनवर वाजले. तर्रीपोह्याच्या ठेल्यावर क्यूआर आणि इथे जर्मनीत कितीतरी बेकऱ्यांत अजून फक्त रोख, हे तर आहेच.

फरक पडतो तो चाचणीनंतर. इथे ती दरवर्षी ठरलेल्या दिवशी होते, लोकांच्या अंगवळणी पडते, आणि सर्वांत वरच्या पातळीचा इशारा फोनमध्ये बंदच करता येत नाही. आपल्याकडे तो आवाज आला आणि घरोघरी एकच वाक्य: "लय कर्कश वाजते बाप्पा, बंद करून टाकलं." काहून? कर्कश वाजणं हेच तर त्याचं काम आहे.

एसएमएस म्हणजे पोस्टमन. लाख लोकांना सांगायचं तर लाख पत्रं, आणि नेमक्या गरजेच्या वेळी नेटवर्क तुंबतं. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे स्टेशनवरचा लाउडस्पीकर. टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ऐकतात. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, रिचार्ज संपलेला असला तरी चालतं, आणि कोणी ऐकलं हे टॉवरला कळतही नाही. म्हणून तर स्वतःच्या माहितीबद्दल इतके हळवे असलेले जर्मन लोकही याबद्दल कुरकुर करत नाहीत.

खरा राग येतो तो व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डचा. 'आज रात्री ढगफुटी, सर्वांना कळवा.' तारीख नाही, गाव नाही, कोणी सांगितलं ते नाही. तोच मजकूर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फिरतो. दहा वेळा खोटा निघाला की अकराव्यांदा खऱ्याकडेही कोणी बघत नाही. आपल्या शहरात सोनेगावला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे, एनडीएमए या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजांची सूचना देतं. विदर्भात शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये 'दामिनी' हवंच. त्याला लोकेशनची परवानगी 'नेहमी' द्या. 'वापरताना' दिली तर ॲप उघडेपर्यंत ते गप्प बसू शकतं.

आता मुख्य काम. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी', त्यात 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स'. काही कंपन्यांनी हे मेसेजेस ॲपच्या सेटिंग्जमध्ये ठेवलंय, म्हणून सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'अलर्ट' लिहा. आयफोनवर नोटिफिकेशन्समध्ये अगदी तळाशी जा. 'एक्स्ट्रीम' आणि 'सीव्हिअर' दोन्ही चालू हवेत. चाचणीचा पर्याय दिसला तर तोही चालू ठेवा, यंत्रणा आपल्या फोनपर्यंत पोचते का ते त्यावरूनच कळेल.

हे सगळं करूनही इशारा चुकतो तो दोन सवयींमुळे. रात्री फोन बंद करणं किंवा एअरप्लेन मोडवर टाकणं. दोन्हींत फोन टॉवरला बहिराच. झोपमोड नको असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि घरच्यांचे नंबर त्यातून वगळा.

वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासच टिकते, म्हणून पहिला इशारा वाजला की लगेच हलायचं. पॉवर बँक भरलेली हवी. 10,000 एमएएच लिहिलेली पॉवर बँक प्रत्यक्षात साधारण 6,000 ते 6,500 देते, कारण आतला 3.7 व्होल्ट 5 वर नेताना एमएएचचा आकडा घटतो आणि थोडं वायाही जातं. म्हणजे 5,000 च्या स्मार्टफोनला एकदा आणि वर थोडंसं. 1,000 च्या बटणाच्या फोनला मात्र पाच-सहा वेळा. दर तीन महिन्यांनी चार्ज करा, आणि मे महिन्यात ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

लॉक स्क्रीनवरची 'इमर्जन्सी इन्फर्मेशन' भरायला पाच मिनिटं लागतात. रक्तगट, औषधं, दोन नंबर. आपल्याकडे कुणाला सिकलसेल असेल तर ते तिथे सगळ्यात वर लिहा, बेशुद्ध माणसावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते आधी कळायला हवं.

परदेशातून आईबाबांचा फोन तपासायचा तर व्हिडिओ कॉलवर त्यांच्याच फोनचा स्क्रीन शेअर करायला सांगा आणि एकेक पायरी बोलत जा. घाई करू नका. 'अलर्ट' आणि 'अलार्म' यांत गोंधळ होतो. शेवटी हिरवं बटण कोणत्या बाजूला सरकलंय ते त्यांच्या तोंडून ऐका, मगच फोन ठेवा.