ज्वारी, कपाशी आणि रेणूंचा आकार

विदर्भातल्या काळ्या मातीत ज्वारीही पिकते आणि कपाशीही. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आणि कापसाच्या धाग्यातला सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन तयार होतात. फरक असतो तो जोडणीच्या दिशेत. ग्लुकोजच्या कड्यातील पहिल्या कार्बनपाशी ऑक्सिजनचा बंध एका बाजूला वळला, तर साखळी वेटोळी घेत जाते, शिजवताना तिच्यात पाणी शिरते आणि आपल्या शरीरातली विकरे तिचे सहज तुकडे करतात. तोच बंध दुसऱ्या बाजूला वळला, तर साखळी ताठ राहते. अशा ताठ साखळ्या एकमेकींलगत बसतात, त्यांच्यात असंख्य हायड्रोजन बंध जुळतात आणि पाण्यात न विरघळणारा, माणसाला न पचणारा, परंतु सूत कातता येईल इतका चिवट तंतू तयार होतो. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाऊन कापसाचा एकेक तंतू होतो, आणि त्या पेशीच्या भिंतीत साखळ्यांची ही जुळणी बोंड उमलण्यापूर्वीच पूर्ण झालेली असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. जैवरेणूंचा धडा आला की मी या दोन पिकांपासूनच सुरुवात करतो, कारण गेल्या तीन-चार दशकांत रसायनशास्त्राने जी सर्वांत मोठी झेप घेतली तिचे मर्म त्यात आहे. रेणूंच्या स्वयंजुळणीची सूचना रेणूच्या आकारातच असते. म्हणून हवा तो आकार अचूक घडवण्याची विद्या, म्हणजे संश्लेषण, आणि घडलेल्या रेणूंना आपोआप जुळू देण्याची विद्या, या दोन्हींकडे एकत्रच पाहावे लागते. पाठ्यपुस्तकांत त्या वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात आणि विद्यार्थ्याला त्यांचा संबंध लागत नाही, याची मला खंत वाटते.

जुळणी आपोआप होते याचा अर्थ ती चमत्काराने होते असा नाही. दोन कार्बन अणूंमधील सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर हायड्रोजन बंधाला साधारण २० किलोज्यूल पुरतात. असे दुबळे बंध सामान्य तापमानालाही तुटतात आणि पुन्हा जुळतात. चुकीच्या जागी बसलेला रेणू सुटून निघतो, योग्य जागी बसलेल्याला चारही बाजूंनी आधार मिळतो आणि तो टिकतो. जुळणी स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करते ती बंधांच्या या दुबळेपणामुळेच.

आकाराचा अधिकार किती कडक असतो, हे टोकियो विद्यापीठातील माकोतो फुजिता यांच्या प्रयोगांइतके स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. पॅलेडियमचे आयन आणि मध्यभागी वाकलेले सेंद्रिय रेणू एका द्रावणात एकत्र केले, की त्यांचे पोकळ गोल आपोआप तयार होतात. २०१० मध्ये त्यांच्या गटाने सेंद्रिय रेणूंचा सरासरी कोन थोडाथोडा बदलून पाहिला. कोन १३१ अंशांच्या आसपास असेपर्यंत १२ पॅलेडियम आणि २४ रेणू मिळून लहान गोल होत होता. कोन १३४ अंशांवर गेला, तेव्हा २४ पॅलेडियम आणि ४८ रेणूंचा मोठा गोल झाला. मधल्या मापाचा गोल मिळाला नाही आणि दोन्हींची सरमिसळही झाली नाही. अवघ्या तीन अंशांनी ३६ घटकांच्या जागी ७२ घटकांची मांडणी यावी, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले, त्या रिचर्ड रॉबसन यांची कहाणी शिक्षकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांना स्फटिकांच्या प्रतिकृती दाखवण्यासाठी ते लाकडी गोळे तयार करवून घेत होते. प्रत्येक गोळ्याला भोके कुठे पाडायची हे कार्यशाळेला नेमके सांगावे लागत होते. भोकांच्या जागा ठरल्या की काड्या लावताच प्रतिकृती आपसूक बरोबर उभी राहते, हे पाहताना त्यांना सुचले की अणूंऐवजी रेणू वापरूनही असेच बांधता येईल. तो विचार त्यांनी अनेक वर्षांनी हाती घेतला आणि तांब्याचे आयन व चार हातांचा सेंद्रिय रेणू जुळवून हिऱ्यासारखी, परंतु आत प्रशस्त पोकळ्या असलेली रचना १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे सुसुमू कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा रचनांतून वायू आतबाहेर जाऊ शकतात हे दाखवले, आणि ओमर याघी यांनी १९९९ मध्ये मॉफ-५ हा भक्कम पदार्थ घडवला; धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या अशा पोकळ चौकटींना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मॉफ’ म्हणतात. लग्नाच्या मांडवात बल्ल्या आणि त्यांचे सांधे असतात तसे इथे सेंद्रिय रेणू आणि धातूंचे पुंजके असतात, फक्त सांधे बांधायला कोणी माणूस लागत नाही. अशा पदार्थाच्या दोन-चार ग्रॅम भुकटीचे आतले पृष्ठफळ फुटबॉलच्या मैदानाएवढे भरते.

भारतातही या विचाराला भक्कम पाया मिळाला. हैदराबाद विद्यापीठात असताना गौतम देसीराजू यांनी १९९५ मध्ये असे मांडले की, संश्लेषणाची योजना करताना रसायनतज्ज्ञ जसा रेणूतल्या बंधांचा विचार करतो, तसाच स्फटिकात पुन्हापुन्हा आढळणाऱ्या रेणूंमधील जोडण्यांचाही करता येतो. स्फटिक हा जणू एक महारेणू मानायचा, ही त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

मॉफ पदार्थ हवेतून पाणी काढतात ही बातमी आपल्याकडेही पोहोचली आहे. २०१७ मध्ये याघी यांच्या गटाने आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सहकाऱ्यांनी झिर्कोनियमयुक्त मॉफ वापरून, २० टक्के आर्द्रतेच्या हवेतूनही एका किलो पदार्थामागे दिवसाला २.८ लिटर पाणी मिळवता येईल असे मांडले होते. आपल्या कोरड्या मे महिन्यात हा आकडा वाचला की आशा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ते पाणी पिण्यापुरते आहे. वावराला त्याचा उपयोग नाही, आणि तसा समज कोणी पसरवू नये.

कपाशीच्या वावरात नवे संश्लेषण खऱ्या अर्थाने उतरते ते गुलाबी बोंडअळीच्या निमित्ताने. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध, म्हणजे कामगंध, सोडते, त्याची रचना १९७३ मध्ये निश्चित झाली. सोळा कार्बनची साखळी, टोकाला अॅसिटेट गट आणि सातव्या व अकराव्या जागी दुहेरी बंध. सातव्या जागचा बंध नेहमी सिस असतो, म्हणजे साखळीचे दोन्हीकडचे भाग बंधाच्या एकाच बाजूला असतात. अकराव्या जागचा बंध निम्म्या रेणूंत सिस आणि निम्म्या रेणूंत ट्रान्स, म्हणजे हे भाग विरुद्ध बाजूंना असलेला, असतो. हे प्रमाण बिघडले की नराचा प्रतिसाद मंदावतो. इथेही आकारच बोलतो.

अडचण अशी की दुहेरी बंध घडवताना सिसपेक्षा ट्रान्स रूप अधिक स्थिर असते आणि अभिक्रियेचा कल तिकडेच जातो. दोन रेणूंतील दुहेरी बंधांचे अर्धे भाग आपसांत बदलणारी मेटाथेसिस ही अभिक्रिया अतिशय सोयीची आहे. तिच्यासाठी शोव्हँ, ग्रब्ज आणि श्रॉक यांना २००५ चे नोबेल मिळाले, पण तिच्यातून मुख्यतः ट्रान्स रूपच हाती येत असे. २०११ च्या सुमारास मॉलिब्डेनम आणि रुथेनियमचे असे उत्प्रेरक पुढे आले, की ज्यांच्या भोवतालच्या गटांची दाटी रेणूला सिस रूपातच जुळायला भाग पाडते. ग्रब्ज यांच्या गटाने २०१३ मध्ये त्यांच्या साहाय्याने अनेक किडींचे कामगंध मोजक्या पायऱ्यांत तयार करून दाखवले. पायऱ्या कमी झाल्या की खर्च कमी होतो, आणि कामगंधाच्या बाबतीत सारे काही खर्चावरच अडते.

आपले शेतकरी कामगंध सापळे ओळखतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत, हा इशाराही अनेकांना पाठ आहे. परंतु सापळा मुख्यतः पाळत ठेवतो. मोठ्या क्षेत्रावर गंध पसरवून नराला मादी सापडूच न देणे ही पुढची पायरी आहे. अमेरिकेत या कामासाठी गुलाबी बोंडअळीच्या गंधाला १९७८ मध्येच मान्यता मिळाली, आणि बीटी कपाशी, वंध्य पतंग व हा गंध यांच्या एकत्रित वापराने २०१८ मध्ये तिथला कापूस पट्टा या किडीपासून मुक्त जाहीर झाला. आपल्याकडे त्याच सुमारास, २०१७ च्या हंगामात, बोंडअळीने बोंडे पोखरली आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या रेणूने माणसाला इजा न होता किडीचे मीलन रोखता येते, तो स्वस्तात घडवण्याच्या संशोधनाकडे मी केवळ कुतूहलाने पाहू शकत नाही.

या उपायाला दोन अटी आहेत. हा गंध उडून जाणारा असल्याने त्याला आठवडेच्या आठवडे हळूहळू सोडणारे वाहक लागतात. रेणूंना पोकळीत धरून ठेवणाऱ्या रचनांचा अभ्यास इथे उपयोगी पडावा, असे मला मनापासून वाटते आणि आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा असे मी सुचवतो. दुसरी अट रसायनशास्त्राबाहेरची आहे. एकट्या शेतकऱ्याने दोन एकरांत गंध लावून भागत नाही, कारण शेजारच्या वावरात मीलन झालेली मादी उडत येऊन त्याच्याच पात्यांवर (फुलकळ्यांवर) आणि बोंडांवर अंडी घालते. सबंध शिवाराने एकाच वेळी, पाते लागण्याच्या सुमारास, तो लावावा लागतो, आणि ज्वारी-तुरीचे पट्टे मध्ये असले तरी कपाशीचे एकही वावर त्यातून सुटून चालत नाही.