पैसे घेतले, पत्रक परत आलं

गुरुवार, रात्री उशिरा

पैसे मिळाले म्हणून वाईट वाटतंय, हे घरात सांगण्याची सोय नाही. म्हणून इथे लिहिते.

मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहमचा 'अम्मा अरियान' हा सिनेमा आमचं मंडळ वर्गणी काढून दाखवणार आहे. त्याच वर्गणीसाठी संध्याकाळी काकांकडे गेले होते. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी पाकीट काढलं आणि पाचशेची नोट हातावर ठेवली. मी पन्नास मागणार होते. पत्रक पुढे केलं तर म्हणाले, "ते राहू दे गं तुझ्याकडेच, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल." रागावले नाहीत, टोचून काही बोलले नाहीत. उलट मायेनेच बोलले. जिना उतरताना मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, ते अजून गेलेलं नाही.

ते पत्रक मी रात्री जागून लिहिलं होतं. जॉन अब्राहम कोण, हे एका पानात कसं सांगायचं, याने डोकं पिकलं होतं. केरळातल्या कुट्टनाडचा माणूस, एलआयसीतली नोकरी सोडून पुण्याला आला आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक तेव्हा तिथे शिकवत होते. पुढे दिग्दर्शक झालेले मणी कौल आणि कुमार शाहनीही घटकांचेच विद्यार्थी. 'उसकी रोटी' या सिनेमाला जॉन मणी कौलांचा सहायक होता. इन्स्टिट्यूटसमोरच्या लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना निदान एवढं तरी आपलं वाटेल, म्हणून पुण्याचा भाग मी मुद्दाम वर घेतला होता.

आणि मग चार सिनेमे. पहिला १९७२ चा. १९७७ चा 'अग्रहारत्तिल कळुदै' तमिळमधला. त्यानंतर 'चेरियाच्चन्टे क्रूरकृत्यंगळ', आणि १९८६ चा 'अम्मा अरियान'. एवढंच. ३१ मे १९८७ ला कोळिकोडला इमारतीवरून पडून गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्या रात्रीबद्दल पत्रकात काही लिहिलं नाही, इथेही नको.

'अम्मा अरियान'साठी निर्माता नव्हता. १९८४ मध्ये जॉन आणि त्याच्या मित्रांनी 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगाव जायचं, ढोल वाजवायचा, चौकात नाटुकली करायची, लोकांपुढे हात पसरायचा. चॅप्लिनचा 'द किड' दाखवून त्यावरही पैसे जमवले. सिनेमा तयार झाल्यावर थिएटरवाल्यांच्या दारात न जाता पुन्हा त्याच लोकांत नेऊन दाखवला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आमच्या मंडळाचं सगळं त्यातूनच सुरू झालं.

पण आज वेगळाच प्रश्न पडलाय. त्या चौकात ज्यांनी खिशात हात घातला, त्यांनी तो कशासाठी घातला? सिनेमासाठी? त्या दाढीवाल्या, उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाची दया आली म्हणून? की ढोल थांबावा आणि आपल्याला पुढे जाता यावं म्हणून?

काकांनी मला दिले. सिनेमाला दिले नाहीत. पोरीचं मन मोडायला नको म्हणून दिले. पाचशे मिळूनही सिनेमा आहे तिथेच राहिला, त्यांच्या दाराबाहेर. बाबा असते तर त्यांनी पत्रक घेतलं असतं, चष्मा लावून वाचलं असतं, आणि पैसे कदाचित दिले नसते. जाऊ दे.

गणपतीची वर्गणी मागायला मी लहानपणापासून जाते आहे, कधी संकोच वाटला नाही. तिथे देणाऱ्याला ठाऊक असतं, गणपती त्याचाही आहे. न दिलेल्याच्या हातावरही प्रसाद पडतो. सिनेमा त्याचाही आहे, हे मात्र मला दारात उभं राहून पटवावं लागतं, आणि ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिला. पण तो सिनेमा त्यांच्याच डेअरीचा होता, मागे त्यांचा सहकारी संघ होता. जॉनकडे संघ नव्हता. एका तरुणाच्या आत्महत्येवरच्या सिनेमासाठी अनोळखी गावात पैसे मागायचे, याला कसली छाती लागत असेल!

दुपारी मात्र एक झालं होतं, ते लिहायलाच हवं. खालच्या मजल्यावरच्या मुलीने पत्रकावरचं नाव वाचलं आणि तिचे डोळे चमकले. तिला तो हिंदी सिनेमातला जॉन वाटला. नाही म्हटल्यावर हिरमुसली. मग विचारलं, "मग हा कोण?" मी 'अग्रहारत्तिल कळुदै'मधली गाढवाची गोष्ट सांगितली. ब्राह्मणांच्या वस्तीत एक प्राध्यापक आई मेलेलं गाढवाचं पिल्लू पाळतो, लोक त्याला हसतात, शेवटी त्या गाढवाला मारून टाकतात, आणि मेल्यावर त्याचेच चमत्कार सांगू लागतात. ती उंबऱ्यातच उभी राहून ऐकत होती. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तरीही विरोध झाला म्हणून दूरदर्शनने दाखवायचं रद्द केलं, हे ऐकून चिडली. आत जाऊन दहा रुपये घेऊन आली. त्या दहा रुपयांनी मला जे वाटलं, ते पाचशेंनी वाटलं नाही.

जॉनचंही त्या गाढवासारखंच झालंय. त्याच्या दारूचे, भटकंतीचे, कुणाच्याही घरी जाऊन झोपण्याचे किस्से लोक रंगवून सांगतात. सिनेमे पाहिलेत का विचारलं की गप्प. त्यांना माणूस हवा असतो, काम नको असतं. काकांनाही मी हवी होते. हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं खरं, पण रडूही आलं.

झोप येईना म्हणून 'अम्मा अरियान' पुन्हा लावला. पुरुषन वायनाडहून दिल्लीला निघतो. वाटेत गळफास घेतलेल्या एका तरुणाचं प्रेत दिसतं, चेहरा ओळखीचा वाटतो, पण आठवत नाही. शेवटी कळतं, तो तबला वाजवणारा हरी. दिल्ली राहते बाजूला. हरीच्या आईला कळवायला पुरुषन कोचीकडे निघतो, आणि वाटेत हरीला ओळखणारा एकेकजण सोबत येत जातो. गावं मागे पडतात, माणसं वाढत जातात. जॉनने पैसे जमवले तसाच हा सिनेमा माणसं जमवत चालतो, हे आज पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

आणखी एक दिसलं. त्या घोळक्यातल्या कुणालाच हरी पुरता माहीत नाही. एकाला त्याचा तबला आठवतो, दुसऱ्याला त्याचं राजकारण. सगळे हरीच्याच प्रेमाने निघालेत असं कशावरून? कुणी मैत्रीखातर आला असेल, कुणी मनाला काही लागून राहिलं म्हणून. पुरुषन कुणाला विचारत नाही. जो आला तो चालायला लागतो, आणि आईच्या दारापर्यंत पोचतात ते सगळे.

मग मी कशाला विचारत बसले आहे? काकांनी मायेपोटी दिले असतील तर मायेपोटी. ढोलाला कंटाळून दिलेलं नाणंही 'अम्मा अरियान'मध्ये असेलच कुठेतरी, त्याच्यावरही एखादी फूट फिल्म चालली असेल. देणाऱ्याच्या मनात काय होतं याचा हिशेब जॉनने ठेवला नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे सिनेमा घेऊन परत जायचं, एवढं मात्र त्याने पाळलं. मला तेवढं जमलं तरी खूप आहे. वर्गणी दिलेल्या सगळ्यांना बोलवायचं, न वाचणाऱ्यांनासुद्धा.

आता खरी अडचण दुसरीच आहे. उपशीर्षकं इंग्रजीत आहेत, आणि समोर बसणाऱ्या निम्म्या बायका ती वाचणार नाहीत. पुरुषन स्वतःच्या आईला जे सांगतो, तेवढा भाग तरी मराठीत करून मोठ्याने वाचायला हवा. रविवारी बसून तो उतरवते. मला सगळे म्हणतात तूच वाच. पण लेक आईला सांगतोय, तिथे एखाद्या मुलाचाच आवाज हवा, आणि फार सराईत नको. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या भावाला विचारून बघते. त्याची आई गावी असते, तो फोनवर तिच्याशी बोलतो ते मी ऐकलंय.