गाडी सरळ धरायला कुणीतरी हवं

लिफ्ट नाही, मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी ठेवणारा पॅडॉक स्टँड नाही आणि माझ्या मोटरसायकलला मेन स्टँडही नाही. त्यामुळे ऑइल बदलायचं म्हणजे साइड स्टँडवर कललेल्या गाडीशेजारी फरशीवर आडवं व्हायचं. सहा वर्षं हेच करतोय. पहिल्या वेळी मात्र घोळ घातला होता.

माझ्या इंजिनाची ऑइल बघायची काच उजव्या बाजूला आहे. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, ऑइलही तिकडेच जमतं आणि काच रिकामी दिसते. मी आपला ओततोय! काच अर्धी भरली तेव्हा गाडी सरळ केली, तर काच वरपर्यंत भरलेली. ‘जास्तच आहे ना, कमी तर नाही’ अशी स्वतःची समजूत घालून दोन दिवस गाडी चालवली. जादा ऑइल इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात गेलं आणि फिल्टर चिंब झाला. मग जास्तीचं काढायला खालचा बोल्ट सैल केला, तर तिथून निम्मं ऑइल माझ्या बाहीत. आता जास्त झालंच, तर वरच्या झाकणातून मोठ्या सिरिंजला नळी लावून ओढून घेतो.

मॅन्युअलमध्ये ऑइलचे तीन आकडे असतात: नुसतं ऑइल बदललं तर, ऑइल फिल्टरसकट बदललं तर आणि इंजिन पूर्ण खोललं तर. माझ्या गाडीचे १.१, १.२ आणि १.४ लिटर. मी तेव्हा तिसराच धरून बसलो होतो.

आता आधी इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवतो. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण सोबत घेऊन येतं. फार तापवलं तर हात भाजतो, आणि सायलेन्सर कोपराजवळच असतो हे विसरू नका. बंद करून गिअरमध्ये टाकायची, पुढच्या ब्रेकचा दांडा पट्ट्याने बांधायचा. गाडीखाली घमेलं मावत नाही, म्हणून पाच लिटरचा जुना कॅन आडवा ठेवून त्याची वरची बाजू कापली आहे. जुनं ऑइल त्याच कॅनच्या तोंडातून बाटलीत भरून गॅरेजला देतो, ते रिसायकलिंगला पाठवतात. गटारात नाही ओतायचं.

खरी फसगत बोल्टची. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून डावीकडे फिरवला की तो सैल होतो. पण आपण वरून वाकून हात खाली घातला की डोकं दिसत नाही, दिशा उलटी होते, आणि आपण सैल करतोय असं समजून आवळत बसतो. इंजिनाचा तळ अॅल्युमिनियमचा. आटे गेले की काम वाढलं. म्हणून मी सरळ डोकं फरशीला टेकवतो आणि बोल्टकडे बघूनच पाना लावतो. शेवटचे आटे वर दाबत सोडवायचे आणि मग हात झटकन बाजूला. पहिली धार लांब पडते, नंतर जवळ येते, तसा कॅन सरकवावा लागतो.

धार थेंबांवर आली की बायकोला हाक.

“झालं का रे? हात दुखायला लागले.”

“अजून जरा. उजवीकडे नको झुकवूस!”

गाडी सरळ झाली की आणखी बरंच काळं ऑइल बाहेर येतं. बोल्टचं नवं वायसर टाकताना जुनं इंजिनाला चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोट फिरवून बघतो. दोन वायसरं एकावर एक बसली की गळती लागते.

ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलाचं जपानी मानक) लिहिलेलं बघतो, कारण माझ्या गाडीचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलांनी तो घसरतो.

भरल्यावर इंजिन दोन मिनिटं चालू, मग पाच मिनिटं शांत. बायको घरी नसेल तर मीच गाडीवर बसून ती सरळ धरतो आणि मोबाइल खाली नेऊन काचेचा फोटो काढतो. चार फोटोंत एक धड येतो.

रात्री खाली वर्तमानपत्र पसरून ठेवतो. परवा सकाळी त्यावर एक थेंब होता. बोल्ट कोरडा, थेंब चेसिसच्या खाचेत साचलेल्या जुन्या ऑइलचा निघाला.