विटेवरची चेतक

जून संपता संपता एका मंगळवारी सकाळी रिक्षातून जाताना मला म्हात्रे पुलावर आमच्या स्कूटरचं उजवं अंग दिसलं. फक्त उजवं अंग. इंजिनावरचं ते फुगीर, फिकट निळं कव्हर, त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने काढलेलं ‘श्री’ आणि शेवटी खाली घसरलेली त्याची वेलांटी. ती घसरली कारण १९८६ साली बाबा ती काढत असताना पाच वर्षांच्या मी मागून येऊन त्यांच्या कोपराला धडक दिली होती. अशी वेलांटी जगात एकच. पण ती मिरवत जाणारी स्कूटर मरून रंगाची होती, चालवणारे गृहस्थ मी कधी पाहिलेले नव्हते आणि आमची स्कूटर बावीस दिवसांपासून गॅरेजमध्ये विटेवर उभी होती.

मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकून ओरडले, “ओ काका! कव्हर! कव्हर!” त्यांनी खाली पाहिलं, पायाने साइड स्टँड नीट वर ढकलला, मला हात करून आभार मानले आणि गेले. पुण्यात मागून कोणी ओरडलं की स्टँड बघायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं.

मी तशीच रिक्षा वळवून गॅरेजवर मेकॅनिककडे गेले.

“तुमचं कव्हर होय ताई? ते तात्पुरतं लावलंय. त्यांचं चेपलं होतं आणि त्यांना साताऱ्याला जायचं होतं, अर्जंट. तुमची गाडी काय, इथेच आहे ना.”

म्हणजे आमची गाडी त्याने दुरुस्त केली नव्हती म्हणून तिचं कव्हर मोकळं होतं. या युक्तिवादाला उत्तर नाही. मला तरी तिथे उभ्या उभ्या सुचलं नाही.

चूक मुळात माझीच, हे आधी सांगून टाकते. चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात वंगणाची वेगळी सोय नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. पूर्वी पंपावर ते मिसळून द्यायचं वेगळं यंत्र असायचं. आता पंपावरचा पोरगा ‘टू-टी’ ऑइल म्हटल्यावर आपल्याकडे बघत राहतो. म्हणून डिक्कीत बाटली ठेवायची, मापाने ओतायचं. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला होता, मागे रांग होती, मी ओतलं नाही. चांदणी चौकाच्या चढावर आवाज बदलला, घुसमटल्यासारखा झाला आणि मागचं चाक एकाएकी जाम. क्लच दाबला म्हणून पडले नाही. “आवाज बदलला की आधी क्लच, मग विचार” हे बाबांनी शिकवलेलं.

बाबांनी ही गाडी नोंदवली १९७९ साली आणि ती मिळाली १९८६ साली. सात वर्षं. त्या काळात याला कोणी उशीर म्हणत नसत, नंबर म्हणत. लग्न ठरलं, लग्न झालं, मी झाले, मी बालवाडीत जायला लागले, मग स्कूटर आली. त्यामुळे बाबांना थांबण्याचं काही वाटत नाही. ते फक्त रोज संध्याकाळी सात वाजता विचारतात, “काय म्हणाला?” आजीला ऑपरेशनला नेलं होतं तेव्हा याच आवाजात विचारायचे.

मेकॅनिक म्हणायचा, उद्या. पहिल्या दिवशीही म्हणाला होता आणि त्या पहिल्या दिवसाला मी पुरती फसले. जूनच्या दोन तारखेला गाडी टेम्पोतून उतरवली आणि दहा मिनिटांत याने कव्हर काढलं, प्लग काढला, हेड खोललं, सिलिंडर ओढून बाहेर घेतला आणि पिस्टनवर पडलेले उभे ओरखडे बोटाने दाखवले. काय ही तत्परता, असं वाटून मी पाचशे रुपये आगाऊ दिले. मग हळूहळू आजूबाजूला लक्ष गेलं. तिथल्या सगळ्याच गाड्या खोललेल्या होत्या. अकरा गाड्या, अकराही पोट उघडून बसलेल्या. एकीचंही काम चालू नव्हतं.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आहे ते. बंद पडलेली पण सगळी जोडलेली गाडी तुम्ही ढकलत दुसरीकडे नेऊ शकता. खोललेली गाडी कशी नेणार? पिस्टन एका डालड्याच्या डब्यात, नट-बोल्ट ट्रेमध्ये (आणि त्या ट्रेमध्ये इतरांचेही नट-बोल्ट), सिलिंडर लेथवर. बरं, नेलीच तरी पुढचा मेकॅनिक लांबूनच हात हलवतो, “दुसऱ्यानं खोललेलं इंजिन आपण घेत नाही.” या एका नियमावर धंद्यातली सगळी एकजूट आहे.

कारणं त्याने कधी मोठी सांगितली नाहीत, ही त्याची खुबी. मोठं कारण एकदाच पुरतं. छोटी सुटी कारणं रोज चालतात. सिलिंडर बोअरला दिलाय, लेथवाल्याची लाइट गेली. लाइट आली, लेथवाला गावाला गेला. बोअर झाला तर नाना पेठेत पन्नासचा पिस्टन नाही, पंचाहत्तरचा आहे. ही पन्नास-पंचाहत्तरची भाषा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची. सिलिंडर जितका घासून मोठा करायचा तितका पिस्टन मोठा घ्यायचा. हे मला बाबांनी समजावलं आणि वर म्हणाले, “पंचाहत्तर नको म्हणावं. पुढच्या वेळेला घासायला काही उरलं पाहिजे.” शहात्तर वर्षांचा माणूस एकोणचाळीस वर्षांच्या गाडीच्या पुढच्या वेळेची तजवीज करत होता.

पालख्या पुण्यात आल्या त्या आठवड्यात रस्ते बंद म्हणून पार्ट आला नाही. रस्ते उघडले तर हाताखालचा पोरगा वारीबरोबर निघून गेला. “आता आषाढीनंतरच, ताई.” यावर काय बोलणार? मागचं चाक काढलेली आमची चेतक दोन विटांवर उभी होती. राणा प्रतापाच्या ज्या घोड्यावरून तिचं नाव ठेवलंय तो हळदीघाटीत जखमी पायानिशी धन्याला घेऊन निसटला, असं सांगतात. आमची चेतक मात्र विठोबाची वाट धरून विटेवर ठाम.

माझं खरं घोडं अडलं होतं ते नंबर प्लेटवर. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नवी उच्च सुरक्षेची पाटी लावून घ्यायची सक्ती. आमचा नंबर एमएच येण्याच्याही आधीचा. अपॉइंटमेंट मिळवली ती गाडी बंद पडायच्या आधी आणि पाटी बसवायची तर गाडी घेऊन जावं लागतं. तारीख गेली. मी घाबरले, तर मुदत वाढली. २०२५ च्या मार्चअखेर होती ती एप्रिलअखेर झाली होती, मग जूनअखेर, मग पंधरा ऑगस्ट. सरकार आणि माझा मेकॅनिक एकमेकांना सांभाळून घेत होते. माझा मुलगा म्हणाला, “आई, बॅटरीवरची नवी चेतक घेऊन टाक ना.” बाबांनी पेपर बाजूला केला नाही, पण पान उलटायचे थांबले. विषय तिथेच संपला.

शेजारचे वकीलकाका निवृत्त आहेत, त्यांना असा प्रश्न म्हणजे फराळ. त्यांनी करार कायदाच काढला, १८७२ चा. “कलम १७०. कारागिराने वस्तूवर मेहनत घेतली असेल तर मजुरी मिळेपर्यंत त्याला ती ठेवून घेता येते. कायद्यातच उदाहरण दिलंय, पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं.”

“पण काका, त्याने पैलू पाडलेत कुठे?”

“तोच तर मुद्दा! मेहनतच नाही तर हक्क कसला? उलट ठरल्या वेळी वस्तू परत दिली नाही तर तिच्या नुकसानीला तो जबाबदार. कलम १६१. काय वेळ ठरली होती?”

“उद्या.”

काकांनी चष्मा काढला. “कुठल्या दिवसाचा उद्या, ते सिद्ध करावं लागेल.”

पावती दाखवली. प्लगच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर ‘निळी चेतक बोअर ५०० जमा’ आणि काळा अंगठा. अंगठा मुद्दाम उठवलेला नव्हता, ग्रीस होतं ते. काकांनी पुठ्ठा उलटसुलट पाहून परत दिला आणि हिऱ्यावरून त्याच कलमातल्या, शिंप्याकडे शिवायला दिलेल्या कोटाच्या उदाहरणावर गेले.

शेवटी उपाय सांगितला तो आमच्या भाजीवालीने. “डोक्यावर बसल्याबिगर ही लोकं काम करत न्हाईत. जाऊन बसा.”

एक्केचाळिसाव्या दिवशी, शनिवारी, मी डबा आणि पुस्तक घेऊन साडेनऊला गॅरेजवर गेले. कुठल्याशा गाडीचं मागचं सीट भिंतीला लावून बाक केलेला आहे, त्यावर बसले. तो म्हणाला, “ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, संध्याकाळी फोन करा.” म्हटलं, “त्रास नाही, सुट्टी आहे.” “दादा नाही आले?” “दादा ऑफिसला.” मग तो दहा मिनिटं कुणाच्या तरी अॅक्टिव्हाशी खेळत राहिला. मी डबा उघडून त्याला आणि पोराला थालीपीठ दिलं. खाऊन झाल्यावर त्याने कळकट फडक्याला हात पुसले आणि सिलिंडर फळीवरून काढला. फळीवर! माझ्या डोक्यावर वीतभर उंचीला, बोअर होऊन, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वर्तमानपत्राची तारीख मी वाचली. जूनच्या अकरा तारखेचा पेपर होता.

मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण त्याने काम सुरू केलं आणि मला बघत राहावंसं वाटलं. नवी रिंग नुसती सिलिंडरमध्ये सोडली, पिस्टनने सारखी केली, सिलिंडर उजेडासमोर धरून एक डोळा मिटला. फट मोजायला त्याने काही घेतलं नाही. “थोडी टाइट आहे,” म्हणत रिंगेचं टोक कानशीवर दोनदाच घासलं, परत सोडलं, परत उजेड. मग पिस्टनच्या खाचेतली बारीक खुंटी दाखवली. रिंगेची दोन तोंडं त्या खुंटीपाशीच आली पाहिजेत. फिरली तर सिलिंडरच्या खिडकीत अडकून मोडते. पिन घातली, लॉक बसवलं, लॉक उडू नये म्हणून खाली फडकं कोंबलं होतं. दोन बोटांनी रिंगा आवळून वरून सिलिंडर असा उतरवला की कुठे कच्चकन आवाज नाही. आणि मग ते गृहस्थ, साताऱ्याला जाऊन आलेले, फोन केल्यावर पंधरा मिनिटांत कव्हर घेऊन हजर. “तुम्हीच का त्या? स्टँड सांगितल्याबद्दल थँक्यू हं.”

गाडी एका अंगाला कलती करून मारलेल्या सहाव्या किकला सुरू झाली. निळा धूर गल्लीभर. घड्याळात एक वाजला होता. एक्केचाळीस दिवसांचं काम साडेतीन तासांचं होतं, त्यातही थालीपीठ आणि दोन चहा. तो वाईट कारागीर असता तर मला त्याला सोडता तरी आलं असतं.

“पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नाही न्यायची, ताई. ऑइल थोडं जास्तच टाका.” आणि निघताना, न विचारता, “हेड परत टाइट करावं लागेल. आठ दिवसांनी आणा. उभ्या उभ्या करून देतो.”

बाबा फाटकातच उभे होते. त्यांनी आधी आवाज ऐकला, मान डोलावली. पन्नासचाच घातलाय ना, विचारलं. मग नेहमीसारखं मलमलचं फडकं घेऊन पुढून मागे पुसत निघाले आणि हेडलाइटपाशी थांबले.

“ही रिंग आपली नाही.”

“काय?”

“आपल्या रिंगेला खालून पोचा होता. खंबाटकीत पडलो होतो तेव्हाचा. आणि गंज होता.” त्यांनी अंगठ्याने निकल घासलं. त्यात त्यांचा चेहरा लांबट दिसत होता. “ही तर कोरी आहे.”

कुणाची तरी अकरापैकी एक गाडी. तिकडे कुणीतरी रोज संध्याकाळी फोन करत असणार.

“सोमवारी नेऊन देऊ?” मी विचारलं.

बाबांनी रिंग पुन्हा एकदा पुसली. “आठ दिवसांनी हेड टाइट करायला जायचंच आहे ना,” ते म्हणाले. “तेव्हा बघू.”

सोमवारी सकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला शेजारी एक गृहस्थ थांबले होते. ते माझ्या हेडलाइटकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी खाली बघून साइड स्टँड नीट वर ढकलला, त्यांना हात करून आभार मानले आणि हिरवा लागताच निघाले. चाळीसच्या जरा वरच.