ओढ्याच्या काठची घरं

पहिल्या वर्षाच्या मुलांना लँडस्केप, म्हणजे इमारतीभोवतीच्या जमिनीची आखणी, ही नुसती बाग वाटते. दोष त्यांचा नाही. आमच्याच धंद्यातले कितीतरी जण इमारत झाल्यावर उरलेल्या जागेत हिरवी वर्तुळं काढून मोकळे होतात. म्हणून पहिला तास मी पुण्यात पर्वतीवर घेते. वरून सारसबाग दाखवायची आणि विचारायचं, तिथल्या गणपतीला ‘तळ्यातला’ का म्हणतात? नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तिथं तळं केलं होतं. पुढे तळं गेलं, बाग झाली.

मग खाली उतारावर गवंड्याची पाण्याची नळी. कॉलेजात लेझरचं यंत्र आहे, पण उंचीतला फरक नळीत डोळ्यांना दिसतो. बुडबुडा राहिला की सगळी मापं खोटी. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का बघायचं, आणि माप घेताना टोकांवरचे अंगठे काढायचे. अंगठा तसाच राहिला की पाणी हलतच नाही. मुलं हमखास इथेच चुकतात.

यंदा शेवटी कागद दिले : ओढा कसा जातो, काढा. बहुतेकांनी निळी वळणदार रेघ मारली. एका मुलानं घरं काढली. दोन्ही काठांना चौकोन, प्रत्येकावर आडवी खूण. कुठे कमरेएवढी, कुठे पत्र्यापर्यंत.

“या खुणा कसल्या?” मी सगळ्यांसमोर विचारलं.

“पाणी, मॅडम. तेव्हा मी सहावीत होतो.”

२५ सप्टेंबर २०१९ ची, आंबील ओढ्याच्या पुराची रात्र. वर्ग गप्प झाला, तोही. बाजूला घेऊन विचारायला हवं होतं.

घरी आल्यावर त्याच्या खुणा काँटूर नकाशावर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडलेल्या नकाशावर, बसवून पाहिल्या. ओढ्याच्या उताराबरोबर त्या नीट उतरत जातात. फक्त एका कंपाउंड भिंतीच्या वरच्या अंगाला एकदम चढतात. पाणी तिथं तुंबलं होतं. हे मी तिसऱ्या वर्षाला शिकवते, आणि तरी बांधकामाच्या नकाशात कंपाउंडची भिंत म्हणजे अजून एक जाड रेघच असते, पाण्याचा विचार कुणी करत नाही.

चित्र वर्गात लावू का, असं दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला विचारलं.

“नको, मॅडम. चौथं घर आमचं.”

कागद माझ्या खणात आहे. गुणांच्या तक्त्यात काँटूर, प्रमाण, रेषेची सफाई असे तीन रकाने आहेत. त्याच्या कागदावर यातलं काहीच नाही. तक्ता सोमवारी द्यायचाय.